वजा ६ सेंटीमीटर

भौतिकशास्त्राच्या अभ्यासाला आम्ही चौघं एकत्र बसायला लागलो तेव्हा मी शिकवणार आणि बाकीचे तिघं ऐकणार, असं मी धरूनच चालले होते. वर्गात माझे गुण जरा बरे असायचे, त्यामुळे ही वाटणी कोणी बोलून न दाखवताच झाली होती. परीक्षेला दीड महिना उरला होता.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. धडे वाटून घेतले. एका मित्राकडे गती आणि न्यूटनचे नियम, दुसऱ्याकडे विद्युतधारा, मैत्रिणीकडे उष्णता, माझ्याकडे प्रकाश. ज्याला जे आवडतं ते त्याने घ्यायचं, टिपणं काढायची आणि त्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे. आठवड्याभरात ग्रुप फोटोंनी भरून गेला. फोटो आला की तो धडा आपलाही झाला असं वाटायला लागतं. उष्णतेचं एकही पान मी उघडलं नव्हतं आणि मला त्याची काडीची चिंता नव्हती.

मग सराव परीक्षा आली. आदल्या संध्याकाळी मैत्रिणीने मला अंतर्गोल आरशाचं गणित विचारलं. नाभीय अंतर (आरशापासून नाभीपर्यंतचं, म्हणजे समांतर किरण परावर्तित होऊन जिथे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचं अंतर) १० सेंटीमीटर, वस्तू १५ सेंटीमीटरवर, तर प्रतिमा कुठे? मला घाई होती. थोड्याच वेळापूर्वी भिंगाची गणितं केली होती, तेच सूत्र हाताला आलं आणि मी ते आरशाला लावून मोकळी झाले. एफ म्हणजे नाभीय अंतर वजा १०, यू म्हणजे वस्तूचं अंतर वजा १५ (आरशासमोरची अंतरं वजा, मागची अधिक), दोन्हींचे व्यस्त मिळवले, उत्तर आलं वजा ६.

"आरशासमोर ६ सेंटीमीटरवर. वास्तव, उलट," मी म्हटलं. वास्तव म्हणजे किरण जिथे खरोखर भेटतात तिथली प्रतिमा.

"पण वास्तव प्रतिमा नाभीच्या आत कशी येईल गं?"

"सूत्रातून आलंय ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी पेपरात तशाच प्रकारचं गणित ३ गुणांना होतं. तिने माझ्या पद्धतीने सोडवलं आणि तिचे तिन्ही गेले. माझं मात्र बरोबर आलं, कारण पेपरात शांतपणे बसल्यावर आरशाचं सूत्र आपोआप आठवलं. ती मला काही बोलली नाही. पेपर माझ्यापुढे सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने ओरडायला हवं होतं, निदान मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या गणिताची किरणाकृती काढली. नाभीय अंतर १० म्हणजे वक्रता केंद्र, आरसा ज्या गोलाचा तुकडा त्या गोलाचा मध्य, २० वर. वस्तू १५ वर, म्हणजे नाभी आणि वक्रता केंद्र यांच्या मध्ये. अक्षाला समांतर जाणारा एक किरण परावर्तित होऊन नाभीतून जातो, नाभीतून गेलेला दुसरा समांतर परत येतो, आणि दोघं भेटतात ते थेट ३० सेंटीमीटरवर, वक्रता केंद्राच्या पलीकडे. उत्तर वजा ३०, प्रतिमा दुप्पट मोठी. दोन रेघा मारल्या असत्या तर ६ हा आकडा कागदावर टिकलाच नसता. शंका तिला आली होती, ती बरोबरही होती, आणि मी ती दडपली होती.

मग आम्ही वाटणीच बदलली. ज्याला ज्या धड्याची जास्त भीती, तो धडा त्याचा. मैत्रिणीने प्रकाश मागून घेतला. माझ्याकडे विद्युतधारा आली. ती मी गुण मिळण्याइतकी पाठ केली होती, समजली होती असं म्हणवत नाही. दुसरा नियम असा की समजावणाऱ्याने पेन हातात घ्यायचं नाही. ऐकणारा लिहील आणि समजावणारा फक्त बोलेल. हा नियम फार छळतो. हातात पेन असलं की माणूस 'हे असं, मग हे असं' करत तीन पायऱ्या गिळून टाकतो. नुसतं बोलायचं म्हटलं की प्रत्येक पायरीला 'का?' येतं.

माझ्या पहिल्याच दिवशी 'का?' आलं. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, ६० वॅटचा आणि १०० वॅटचा दिवा, दोन्ही २२० व्होल्टचे, जोडणीला मिळून २२० व्होल्ट. कोणता जास्त उजळेल? मी म्हटलं १०० वॅटचा, त्यात विचारायचं काय! न्यूटनवाला मित्र म्हणाला, जो आधी येतो तो, कारण पुढच्याला उरलेली धारा मिळणार. दोघंही चुकत होतो, आणि त्याची चूक मला खोडता येईना. धारा वाटेत संपत नाही हे पाठ होतं, पण का संपत नाही?

शेवटी मैत्रिणीने चौघांना गोल बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खोडरबर दिलं. टाळी वाजली की आपलं उजवीकडे द्यायचं, डावीकडचं घ्यायचं. दहा टाळ्या झाल्या तरी कोणाचा हात रिकामा राहिला नाही की कोणाकडे दोन साठले नाहीत. मग तिने मला खोडरबर बंद मुठीतून ढकलून काढायला लावलं. लगेच सगळं वर्तुळच मंदावलं, फक्त माझ्यापुढचा भाग नव्हे, आणि दमले मात्र मी. खोडरबरं तेवढीच होती, खर्च झाली ती ऊर्जा. दिव्यात ऊर्जा खर्च होते हे वाक्य मी त्याआधी निदान वीसदा लिहिलं असेल. (खोडरबर हे काही विद्युतप्रभार नव्हेत, उपमा फार ताणली की तुटते. पण त्या दिवशी तेवढी पुरली.)

त्यानंतर आकडे आपोआप सुटले. व्होल्टतेचा वर्ग भागिले शक्ती केलं की ६० वॅटच्या दिव्याचा रोध साधारण ८०७ ओहम येतो, १०० वॅटच्या दिव्याचा ४८४. धारा दोघांतून सारखीच, मग जिथे रोध जास्त तिथे ऊर्जा जास्त खर्च होणार. तापल्यावर रोध बदलतो ते बाजूला ठेवलं तर ६० वॅटचा दिवा सुमारे २३ वॅट घेतो आणि १०० वॅटचा जेमतेम १४. म्हणजे छोटा दिवाच जास्त उजळतो. माझा विश्वास बसेना, मी तीनदा भागाकार तपासला.

बाकीचे धडे तसे सरळ गेले. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो तेव्हा त्वरण शून्य असतं की नाही यावर एक भांडण झालं. नसतं, ९.८ च असतं, नाहीतर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. एक मित्र शेवटपर्यंत एकक लिहायला विसरायचा. त्याच्या प्रत्येक उत्तरावर आम्ही तिघं एका सुरात "काय? लिंबं?" असं विचारायचो. पेपरात त्याने एककं लिहिली असावीत, लिंबं लिहिली नसावीत, एवढी आशा.

एक गोष्ट नाही जमली. उष्णतेला आम्ही फार उशिरा हात घातला आणि तो धडा चौघांचाही कच्चाच राहिला. शेवटच्या आठवड्यात दमलो होतो, 'का?' विचारायचा कंटाळा आला होता, सरळ पाठांतर केलं.

पेपरात उष्णतेचा प्रश्न आलाच. आणि आरशाचाही आला. अंतर्गोल आरसा, नाभीय अंतर २० सेंटीमीटर, वस्तू १० सेंटीमीटरवर. मी सूत्र लिहिण्याआधी समासात पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. या वेळी वस्तू खरोखरच नाभीच्या आत होती. किरण समोर भेटेनात, आरशामागे वाढवावे लागले.

पेपर झाल्यावर उत्तरांची चर्चा करायची नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. जिन्यात ती दोन पायऱ्या पुढे होती. वळून तिने एकच शब्द विचारला.

"अधिक?"

"अधिक २०," मी म्हटलं. "सुलट."