विक्रम ‘सिंगल पीस’मध्ये आहे, हे पाहिलं कोणी?

चांद्रयान-२ चं विक्रम लँडर आठवतंय ना, ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे २.१ किलोमीटर उंचीपर्यंत, इस्रोच्या तेव्हाच्या म्हणण्यानुसार, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि मग सिग्नल गेला. दोनच दिवसांत देशभर बातमी, की विक्रम सिंगल पीसमध्ये आहे, तुकडेबिकडे काही नाही, नुसतं कलंडलंय. आता हे सांगितलं कोणी? पीटीआयची बातमी, इस्रोच्या एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने, आणि अधिकाऱ्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी इस्रो अधिकृतपणे बोललं ते इतकंच की चंद्राभोवती फिरणाऱ्या ऑर्बिटरला लँडर सापडलंय, संपर्क अजून झालेला नाही. अख्खं आहे की फुटलंय, यावर अवाक्षर नाही.

पुढे नोव्हेंबरात लोकसभेत लेखी उत्तर आलं की हार्ड लँडिंग झालं, म्हणजे लँडर जोरात आदळलं, ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत. डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाचे फोटो आले. चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीचे-नंतरचे फोटो ताडून पाहत एक तुकडा शोधला होता, तो आदळल्याच्या मुख्य जागेपासून ७५० मीटर वायव्येला, आणि बाकीचे अवशेष बरेच लांबवर विखुरलेले. कसलं सिंगल पीस घेऊन बसलात!

निनावी सोर्स वापरूच नये असं नाही म्हणणं, स्पेसच्या क्षेत्रात आतल्या बातम्या तशाच बाहेर येतात, नाव छापलं तर त्या माणसाची नोकरी जाईल. पण बातमीच्या डेस्कवर कोणीतरी विचारायला नको का, की साहेब, ज्या फोटोवरून हे सांगताय तो तुम्ही स्वतः बघितलात का आणि कुठल्या कॅमेऱ्याचा? ऑर्बिटरवरचा सगळ्यात तगडा कॅमेरा ओएचआरसी, त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर साधारण २५-३० सेंटिमीटर. विक्रम अडीच मीटरचं. म्हणजे फोटोत लांबीला जेमतेम आठ-दहा पिक्सेल, आणि त्यावरून म्हणे कलंडलंय पण फुटलं नाही! हे गणित पाचवीतलं पोरगं करेल.

आणि इस्रो आकडे देतच नाही असंही नाही हं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा त्यांनीच त्याच दिवशी सांगून टाकलं, ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची लंबगोल मिळाली, सॅटेलाइट आता वापरता येणार नाहीत. बातमी अशी हवी.

खासगी कंपन्यांचं वेगळंच. ॲस्ट्रा ही अमेरिकन रॉकेट कंपनी २०२१ मध्ये नॅसडॅक शेअर बाजारात आली तेव्हा म्हणत होती २०२५ पर्यंत रोज एक लाँच, रोज! २०२४ मध्ये शेअर बाजारातून बाहेरसुद्धा पडली. ‘कंपनीचा दावा आहे’ हे तीन शब्द गाळले की तेच वाक्य बातमी वाटतं, आणि वाचून शेअर घेणारे घेतात. त्यात इंडस्ट्रीचं पब्लिकेशन म्हटलं की जाहिरातीही याच रॉकेटवाल्या-सॅटेलाइटवाल्यांच्या असणार, दुसरं कोण देणार, त्याबद्दल तक्रार नाही. मला फक्त लेखाखाली एवढं लिहिलेलं पाहिजे की ही कंपनी आमची जाहिरातदार आहे का आणि लिहिणाऱ्याकडे तिचे शेअर आहेत का. दोन ओळींचं काम आहे, वेबवर तर जागेचाही प्रश्न नाही.