कॉर्ड बदलताना वेळ कुठे जातो?

गिटार शिकणाऱ्या बहुतेकांना सी, जी, डी, ए मायनर हे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सुटे सुटे वाजवणे लवकर जमते. अडते ते एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना. उजवा हात थबकतो, डाव्या हाताची बोटे एकेक करून आपली जागा शोधतात आणि लय तुटते. यावर ‘वेग वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला निरुपयोगी वाटतो. वेळ जातो तो मुख्यतः बोटांच्या अनावश्यक हालचालीत, म्हणून सरावही बोटे कमीत कमी हलवण्याचाच हवा.

तारा मोजताना सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी, तर गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडणारे कप्पे म्हणजे फ्रेट. सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आणि मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जिथल्या तिथे राहते. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. तरीही नवे वादक तिन्ही बोटे उचलून पुन्हा पहिल्यापासून कॉर्ड रचतात. ए मायनरवरून ईवर जाताना बोटांचा आकार अजिबात बदलत नाही, तो जसाच्या तसा एक तार जाड तारांच्या बाजूला सरकतो. डीवरून ईवर जाताना तर्जनी तिसऱ्या तारेवरून उचलायचीच नाही. दाब सैल करून ती दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर घसरू द्यावी, म्हणजे बाकीच्या बोटांना तिच्या आधाराने दिशा मिळते.

जी कॉर्ड कोणत्या बोटांनी धरावा, याचे उत्तर पुढे कोणता कॉर्ड येणार आहे यावर ठरते, असे माझे मत आहे. पुढे सी असेल, तर सहाव्या तारेवर अनामिका, पाचव्या तारेवर मधले बोट आणि पहिल्या तारेवर करंगळी ठेवणे सोयीचे पडते, कारण मग अनामिका आणि मधले बोट ही जोडी तशीच एक तार खाली, बारीक तारांच्या बाजूला उतरते. पुढे डी असेल, तर मधले बोट सहाव्या तारेवर, तर्जनी पाचव्या तारेवर आणि अनामिका व करंगळी दुसऱ्या व पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवावीत. दुसऱ्या तारेवरची अनामिका डीमध्येही तिथेच लागते. एकच पद्धत ‘बरोबर’ मानून तिला चिकटून राहण्यात शिस्त दिसते, पण सोय नसते.

सरावासाठी संपूर्ण गाण्याऐवजी दोनच कॉर्डची जोडी घ्यावी. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून चार मात्रांपैकी पहिल्या मात्रेवर एकदाच तार छेडावी आणि उरलेल्या तीन मात्रांत पुढच्या कॉर्डचा आकार हवेतच तयार करून सगळी बोटे एकदम टेकवावीत. हे सहज होऊ लागल्यावर दोन मात्रांनी आणि मग प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलावा. बोटे तारांपासून किती उंच उठतात, याकडे मात्र सतत लक्ष हवे.

उजवा हात कोणत्याही परिस्थितीत थांबू नये. मापातला, म्हणजे चार मात्रांच्या गटातला शेवटचा, वर जाणारा फटका मोकळ्या तारांवर पडला तरी चालते. अनुभवी वादकही बोटे हलवण्यासाठी तेवढी सवड घेतात आणि ऐकणाऱ्याला ती खटकत नाही. सगळी बोटे वेळेत पोहोचत नसतील, तर जाड तारेवरचे बोट आधी टेकवावे, कारण खाली येणारा फटका त्या तारांना प्रथम लागतो.

एफची गोष्ट थोडी वेगळी आहे. तर्जनीने सहाही तारा दाबायच्या पूर्ण एफआधी फक्त चार तारांचा लहान एफ घ्यावा आणि त्यात तर्जनीने पहिल्या दोनच तारा दाबाव्यात. तोही जमत नसेल, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून तोच आकार धरून पाहावा. तिथे तो फारच सोपा वाटला, तर नटपाशी (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपाशी) तारा गरजेपेक्षा उंच असण्याची शक्यता आहे. अशा वेळी नटच्या खाचा गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तपासून घ्याव्यात.