एकाच फोनवर दोन आडतवह्या

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी आम्ही एक ॲप चालवतो. खरं नाव राहू द्या, इथं त्याला 'आडतवही' म्हणू. माल उतरला की वजन, भाव, हमाली, तोलाई टाकायची आणि शेतकऱ्याची पट्टी काढायची, एवढंच त्याचं काम. ॲप फ्लटरमध्ये केलेलं आहे, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं ॲप निघतं. अँड्रॉइडचं मी लातुरातून बघतो. आयफोनचं पुण्यातली एक सहकारी बघते, कारण मॅक तिच्याकडे आहे आणि मॅकशिवाय आयफोनचा बिल्ड, म्हणजे फोनवर टाकायचं तयार ॲप, निघत नाही.

दसऱ्याच्या पुढंमागं नवं सोयाबीन यायला लागलं की चालू ॲपला हात लावायची सोय नसते. नवीन काही असेल तर आधी ओळखीच्या मुनिमांना द्यायचं, त्यांनी खोट्या पट्ट्या काढून बघायच्या, मग बाकीच्यांना. म्हणजे खरं आणि चाचणीचं अशी दोन्ही ॲप्स एकाच फोनवर हवीत. चाचणीसाठी दुसरा फोन खिशात घालून कुणी काट्यावर उभं राहणार नाही.

दोन्ही शेजारी बसायची तर ॲप्लिकेशन आयडी, म्हणजे फोन ॲपला ज्यावरून ओळखतो ते आतलं नाव, वेगळा लागतो. आयडी एकच असेल आणि ॲपवर डिजिटल सही करायची किल्लीही एकच असेल, तर जुन्यावर नवं चढतं. किल्ली वेगळी असेल तर इन्स्टॉलच होत नाही. म्हणून ग्रेडलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडचं ॲप बांधणाऱ्या साधनात, दोन फ्लेवर केले: एकाच ॲपच्या दोन आवृत्त्या, एक खरी आणि एक चाचणीची. फ्लेवर केले की डायमेन्शनचं, म्हणजे फ्लेवरच्या गटाचं, नाव द्यावंच लागतं, नाहीतर ग्रेडल तिथंच अडतं. दुसऱ्या फ्लेवरला सरळ 'टेस्ट' म्हणायला गेलं तर ग्रेडल नाही म्हणतं: फ्लेवरचं नाव 'टेस्ट'नं सुरू होऊन चालत नाही, ते त्यानं स्वतःच्या चाचण्यांसाठी राखून ठेवलंय. आम्ही रोमन अक्षरांत 'चाचणी' लिहिलं आणि मोकळे झालो. त्याच्या आयडीला शेवटी जास्तीचा शब्द (सफिक्स) जोडला की लगेच फायरबेस, ही ॲपला जोडलेली गूगलची सेवा, तक्रार करतं, या पॅकेजच्या नावाचा (म्हणजे या आयडीचा) क्लायंट सापडत नाही म्हणून. फायरबेसमध्ये नव्या आयडीची नोंद करून त्याची गूगल-सर्व्हिसेस फाइल चाचणीच्या फोल्डरमध्ये ठेवली की हे मिटतं.

आता नाव. फ्लटरच्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये मॅनिफेस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, लेबलात नाव थेट लिहिलेलं असतं. ते काढून तिथं ॲप-नेम या स्ट्रिंगचा, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेल्या मजकुराचा, हवाला द्यायचा. मग बहुतेकजण सांगतात तसं प्रत्येक फ्लेवरमध्ये रेस-व्हॅल्यूची, म्हणजे ग्रेडलच्या फाइलमधूनच ती स्ट्रिंग देणारी, एक ओळ टाकायची. टाकली. बिल्डनं 'डुप्लिकेट रिसोर्सेस' म्हणून हात वर केले, कारण तीच स्ट्रिंग मुख्य फोल्डरच्या स्ट्रिंग्ज फाइलमध्येही होती. तिथली काढून टाकली. माझ्या फोनवर दोन आयकॉन, दोन नावं. झालं काम, असं वाटावं इतकं सगळं नीट.

चाचणीची फाइल एका मुनीमजींना पाठवली. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"सर, ह्यातलं खरं कोणतं अन् खोटं कोणतं? दोन्हीवर आडतवहीच लिहिलंय."

मला वाटलं नाव लांब असल्यामुळं कापलं जात असेल. तोही खरा त्रास आहे. होम स्क्रीनवर आयकॉनखाली जागा जेमतेम असते, आणि 'चाचणी' हा शब्द शेवटी टाकला की नेमका तोच ठिपक्यांत जातो. म्हणून खूण नेहमी आधी लिहावी: 'चाचणी आडतवही'. पण त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये काहीच कापलेलं नव्हतं. दोन्हीकडं स्वच्छ मराठीत 'आडतवही'.

स्वच्छ मराठीत, हीच गोम होती. माझा फोन इंग्रजीत चालतो, मुनीमजींचा मराठीत. आमच्या ॲपमध्ये इंग्रजीसाठी मूळ व्हॅल्यूज फोल्डर आहे आणि मराठीसाठी शेवटी 'एमआर' लावलेलं वेगळं. रेस-व्हॅल्यूची ओळ फक्त मूळ व्हॅल्यूजमध्ये भर घालते. मराठीच्या फोल्डरमध्ये ॲप-नेम जसंच्या तसं होतं, आणि फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइड आधी तेच उचलतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे. इंटरनेटवर मिळणारे उपाय एकाच भाषेच्या ॲपसाठी लिहिलेले असतात, त्यामुळं ही पायरी त्यांत क्वचितच येते. आपल्याकडं मात्र मराठी फोन म्हणजे काही अपवाद नाही. मोंढ्यात तर मला तेच जास्त दिसतात.

खात्री करायला एपीके, म्हणजे फोनवर टाकायची अँड्रॉइडची फाइल, उघडून पाहिलं. अँड्रॉइडच्या बिल्ड-टूल्समध्ये एएपीटी-टू नावाचं साधन असतं. त्याला 'डंप बॅजिंग' सांगून एपीके दिलं की तो आतली सगळी लेबलं एकाखाली एक छापतो. मूळ लेबलापुढं चाचणीचं नाव होतं, मराठीच्या लेबलापुढं जुनंच.

उपाय सोपा निघाला. रेस-व्हॅल्यू पूर्ण काढून टाकली. मुख्य फोल्डरमध्ये खरं नाव दोन्ही भाषांत परत ठेवलं, आणि चाचणी फ्लेवरच्या फोल्डरमध्ये व्हॅल्यूज आणि व्हॅल्यूज-एमआर अशी दोन्ही फोल्डरं करून त्यांत फक्त नावाची एकेक ओळ लिहिली. फ्लेवरचं रिसोर्स (नाव, चित्र वगैरे) मुख्य फोल्डरमधल्यावर मात करतं, आणि ते भाषेगणिक करतं. रेस-व्हॅल्यू एका ओळीत होते म्हणून लोकांना आवडते, पण नावासाठी ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत झालंय. माणसाला दिसणारी गोष्ट भाषांच्या फोल्डरमध्येच बरी.

आयफोनकडं नावाचं काम कमी आणि आजूबाजूचं जास्त. फ्लेवरच्या नावाची स्कीम, म्हणजे काय आणि कसं बांधायचं याची मांडणी, एक्सकोडमध्ये (ॲपलच्या ॲप बांधायच्या साधनात) नसेल तर फ्लटर बिल्ड करायलाच नकार देतं. स्कीमबरोबर डिबग, रिलीज, प्रोफाइल या तिन्ही कॉन्फिगरेशनच्या 'चाचणी' जोडलेल्या प्रती कराव्या लागतात, वेगळा बंडल आयडी (आयफोनकडचा ॲप्लिकेशन आयडी), त्याचं वेगळं सहीचं प्रोफाइल. सहकारीनं स्क्रीन शेअर करून हे सगळं केलं. आमच्याकडं मधेच लाइट गेली, तेव्हा उरलेलं तिनं एकटीनं उरकलं. नाव मात्र बिल्ड सेटिंगमध्ये एक स्वतःचा व्हेरिएबल करून इन्फो-पीलिस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमधल्या डिस्प्ले नेममध्ये त्याचा हवाला दिला की येतं. भाषेची भानगड तिथंही आहेच: भाषानिहाय इन्फो-पीलिस्ट स्ट्रिंग्जमध्ये डिस्प्ले नेम लिहिलेलं असेल तर दिसतं ते तिथलंच, आणि त्या फाइलमध्ये बिल्ड सेटिंगचे व्हेरिएबल उलगडत नाहीत. आम्ही ती ओळच काढली. आयफोनवर सगळ्यांना मराठी नाव दिसतं, कुणाची हरकत नाही.

जाता जाता एक. सर्व्हरचा पत्ताही तिनं एक्ससीकॉन्फिग या बिल्ड सेटिंगच्या फाइलमध्ये टाकून पाहिला. त्या फाइलमध्ये दोन तिरक्या रेघा म्हणजे कॉमेंट, पुढचं वाचलंच जात नाही, त्यामुळं पत्ता 'एचटीटीपीएस'च्या कोलनपाशीच संपला. पत्ता तिथं ठेवूच नये, डार्टच्या, म्हणजे फ्लटरच्या भाषेच्या, बाजूनं द्यावा.

नवी फाइल पाठवल्यावर मुनीमजींनी दोन्ही नावं फोनवर वाचून दाखवली आणि लगेच म्हणाले, "आता चाचणीवाल्याचा रंगबी बदला." ते रास्त आहे. आयकॉनही त्याच पद्धतीनं फ्लेवरच्या फोल्डरमधून बदलता येतो, तो पुढच्या आठवड्यात करतोय. तोवर बिल्ड संपल्यावर एएपीटी-टू चालवणारी एक छोटी स्क्रिप्ट जोडली आहे. चाचणीच्या एपीकेमधलं कुठल्याही भाषेचं लेबल खऱ्या ॲपशी जुळलं, तर फाइल बाहेर जात नाही.