जुना फिल्टर कापून बघणारं दुकान : आमची वाटचाल

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं दुकान मुळात ऑइल इंजिनच्या स्पेअरचं. अण्णांनी ते १९८० च्या दशकात सुरू केलं. तेव्हा विहिरीवर, नदीकाठी डिझेल इंजिनं धडधडायची आणि पिस्टन, रिंगा, नोझल, पॅकिंग एवढ्यावर आमचं घर चालायचं. नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्रींच्या या गावात इंजिन उघडून बघणाऱ्यांची कधीच वाण नव्हती, अण्णाही त्यातलेच. गिऱ्हाइकानं जुना भाग आणला की ते आधी झीज कुठल्या बाजूला झाली ते बघायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि मगच नवा भाग काढून द्यायचे. पुढे विजेचे पंप आले, इंजिनांचा धंदा ओसरला आणि आम्ही मोटारगाड्यांच्या फिल्टरकडे वळलो. डिप्लोमा करून मी दुकानात बसायला लागले ती याच सुमारास.

रिंग किंवा बेअरिंग हातात घेऊन पारखता येतं. इंजिनातलं तेल गाळणारा ऑइल फिल्टर मात्र बंद डबा. फिरवून बसवायचा हा डबा अमेरिकेत १९५४ साली आला आणि मेस्त्रींचं काम सोपं झालं. पण आतला कागद, व्हॉल्व्ह, चिकटवण सगळं पत्र्याआड गेलं. दुकानदाराला दिसतो तो रंग, खोका आणि किंमत. नकली मालवाल्यांचं फावतं ते इथेच. एका पुरवठादारानं नामांकित खोक्यात जो माल आम्हाला दाखवला होता, त्यातला एक डबा आम्ही शंका आली म्हणून कापला. आत बायपास व्हॉल्व्हच्या, म्हणजे तेलाला आडवाट देणाऱ्या झडपेच्या जागी नुसता बंद पत्रा होता. तो माल तिथल्या तिथे परत गेला. अण्णा म्हणाले, "नवा कापून अर्धंच कळतंय. इंजिनात फिरून आलेला काप, मग समजंल." तेव्हापासून ओळखीच्या गॅरेजमधून उतरवलेले फिल्टर आम्ही मागून घ्यायला लागलो.

कापायची पद्धत सांगते, कारण चुकीचं कापलं तर चुकीचंच दिसतं. हॅक्सॉ ब्लेड लावायचं नाही. पत्र्याचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातला कण कुठला नि ब्लेडचा कुठला, कळायला मार्ग नाही. फिल्टर रात्रभर तोंड खाली करून निथळत ठेवायचा. सकाळी पाइप कटरसारखा चाकाचा फिल्टर कटर डब्याच्या काठाजवळ लावायचा, थोडा थोडा आवळत गोल फिरवायचा. पत्रा सुटतो, भुसा पडत नाही. मग आतली घड्यांच्या कागदाची कांडी बाहेर काढून कागद वरच्या आणि खालच्या चकतीजवळ धारदार सुरीनं कापायचा, घड्यांची पट्टी मोकळी करायची आणि फडक्यात गुंडाळून वाइसमध्ये दाबायची. तेल निघून गेलं की पट्टी पांढऱ्या ट्रेमध्ये उन्हाच्या उजेडात पसरायची.

तेल घड्यांच्या बाहेरून आत शिरतं आणि मधल्या भोकाच्या नळीतून इंजिनाकडे जातं. म्हणून घाण दिसायला हवी ती घडीच्या बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला, नळीजवळ कण सापडले तर तेलानं चोरवाट शोधली असं समजायचं. ही चोरवाट बहुधा दोन ठिकाणी मिळते. एक, कागदाची दोन टोकं जिथे जोडली आहेत तो सांधा. दुसरी, कागद आणि चकती यांच्यातली चिकटवण. चकती लोखंडी आहे की जाड पुठ्ठ्याची, यावरून लोक फिल्टरला चांगलं-वाईट ठरवतात. मला ते पटत नाही. पुठ्ठ्याची चकती सगळीकडून नीट चिकटलेली असेल तर ती काम चोख करते. लोखंडी चकतीत डिंक एका बाजूला कमी पडला असेल तर तिथे नख जाईल एवढी फट राहते आणि मग कागद कितीही उंची असो, त्याचा उपयोग नाही.

घड्यांचंही तसंच. जास्त घड्या म्हणजे जास्त चांगला फिल्टर, असं सांगणारे विक्रेते येतात. घड्या कोंबून भरल्या तर त्या एकमेकींना चिकटतात आणि आतला कागद कोराच राहतो. वापरलेल्या फिल्टरवर हे लख्ख दिसतं: घडीचा माथा काळाभोर आणि पोटात मूळचा पिवळा रंग. याउलट घड्या सारख्या अंतरावर असतील तर काळेपणा तळापर्यंत एकसारखा उतरलेला असतो. कागदाला रेझिन नीट लागलेलं असेल तर इतके किलोमीटर गरम तेलात राहूनही घडीची धार ताठ राहते. हलका कागद मऊ पडतो, लाटा येतात. क्वचित मधली नळीच चेपलेली सापडते. थंड, घट्ट तेलाचा दाब आला आणि बायपास वेळेवर उघडला नाही, तर असं होतं.

बायपासबद्दल गिऱ्हाइकांना हमखास सांगावं लागतं. कागद तुंबला किंवा तेल घट्ट असलं की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता पुढे सोडतो. घाण तेल वाईटच, पण बेअरिंगला तेलच न मिळणं त्याहून वाईट. जुना व्हॉल्व्ह आम्ही बोटानं दाबून बघतो. स्प्रिंग सहज खाली जाऊन पुन्हा जागेवर बसली पाहिजे, सील एका बाजूला कललेलं नको.

तोंडाजवळचं रबर हा दुसरा महत्त्वाचा भाग. गाडी बंद असताना फिल्टरमधलं तेल खाली सांडू नये म्हणून ते असतं. काळं नायट्राइल रबर उष्णतेनं हळूहळू कडक होतं, सिलिकॉन बराच काळ लवचिक राहतं. पण नारिंगी रंग बघून फसू नये, रंग कशालाही देता येतो. दुमडून बघा. रत्नागिरीला आंबा घाटातून रोज येजा करणाऱ्या एका टॅक्सीवाल्याची तक्रार होती की सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिन खडखडतंय. फिल्टर कापला तर रबर पापडी झालं होतं, दुमडताच मोडलं. फिल्टर आडवा बसणाऱ्या गाडीत हे भोवतं. जिथे डबा तोंड वर करून सरळ लटकतो तिथे तेल तसंच साठून राहतं, त्यामुळे त्या गाड्यांत या रबरावर फारसं काही अवलंबून नसतं.

फिल्टर बघता बघता इंजिनंही बोलायला लागली. ट्रेखालून चुंबक फिरवला आणि कण हलले तर लोखंड. चमकतात पण चुंबकाला दाद देत नाहीत तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर, तांबूस असतील तर बेअरिंगचा खालचा थर उघडा पडायला लागलाय. अशा चमकत्या पापुद्र्यांवरून आम्ही एका शिक्षकांना इंजिनाखालचं ऑइल पॅन उघडायला लावलं. सुरुवातीला ते नाराज झाले होते, गाडीचा आवाज तर व्यवस्थित होता. बेअरिंग बदलण्यावर काम भागलं. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ग्राइंडिंगला द्यायची वेळ आली नाही. शिरोली एमआयडीसीतून येणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये बोटाला कचकच लागली तर मी आधी एअर फिल्टरचं झाकण आणि होज तपासायला सांगते. फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या वाळूची बारीक धूळ हवेतून आत शिरते आणि सिलिंडर घासून तेलात उतरते. ऑइल फिल्टर बदलून ते थांबत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरचे दिवस मी विसरणार नाही. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं, गावाचा संपर्क तुटला होता. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गाड्या गॅरेजच्या दारात रांगेनं उभ्या राहिल्या. ज्यांनी घाईनं चावी फिरवली होती त्यांच्या फिल्टरमधून दुधाळ तेल निघालं. कागद पाण्यानं फुगून घड्या एकमेकींत मिसळल्या होत्या. तेव्हा आम्ही मेस्त्रींना एकच आग्रह धरला: इंजिन फिरवायच्या आधी तेल आणि फिल्टर दोन्ही काढा, फ्लश करा, थोडं चालवून पुन्हा दोन्ही बदला. त्या महिन्यात फिल्टर उधारीवर दिले. पैसे हळूहळू आले, बहुतेकांचे आले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा फोन आधीच यायला लागले, "वहिनी, गाडी चालू केल्याली न्हाई, बघा."

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या बीएस-६ गाड्या आल्या आणि नवा अभ्यास सुरू झाला. या डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर जाळून साफ होताना थोडं डिझेल तेलात उतरतं, तेल पातळ होतं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्यांत ते जास्त. काही जण तेल काळं झालं म्हणून फिल्टरला दोष देतात. डिझेलची काजळी मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक असते, साधा कागदी फिल्टर ती अडवत नाही आणि अडवायचीही नसते. तेल बदलायला फारच उशीर झाला तर मात्र घड्यांत काकवीसारखा चिकट थर बसलेला दिसतो, आणि तो थर समोर ठेवला की गिऱ्हाईक स्वतःहून पुढची तारीख लिहून घेतं.

धंदा म्हणाल तर या कापाकापीनं नफा लगेच वाढला नाही. जास्त मार्जिनचे काही ब्रँड आम्ही बंद केले, त्याचा फटका बसला. आता माल भरताना मी पुरवठादाराला नुसतं "हाय क्वालिटी" चालणार नाही असं सांगते. आयएसओ ४५४८-१२ या ऑइल फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणीचा आकडा मागते. किती मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात, हे दोन्ही मिळून सांगितलं तरच त्या आकड्याला अर्थ. पन्नास टक्के आणि नव्याण्णव टक्के दोन्ही "वीस मायक्रॉनचा फिल्टर" म्हणूनच विकले जातात. जे आकडा देतात त्यांचाही माल आम्ही दोन-तीन गाड्यांत फिरवून कापतो, मगच फळीवर लावतो.

धाकटा भाऊ आता कटरचं काम बघतो. कापलेले फिल्टर गाडीचा प्रकार आणि किलोमीटर लिहून मागच्या खोलीत मांडलेत, मेस्त्री लोक येऊन बघतात, वाद घालतात. निथळलेलं तेल पिंपात साठवून अधिकृत रिसायकलरला जातं, घातक कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या सरकारी नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. कापून बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही. फक्त फिल्टर आणताना तोंड वर करून जाड प्लास्टिक पिशवीत आणा, शेवटचं तेल कधी आणि किती किलोमीटरला बदललं ते चिठ्ठीवर लिहा, आणि उतरवताना डब्याला स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकू नका. भोक पडलेल्या फिल्टरमधलं निम्मं आम्हाला वाचता येत नाही.