एक व्होल्ट गेला कुठे?

गाडी उभी असताना कॉम्प्युटर छान चालायचा. इंजिन सुरू केलं, की दोन सेकंदांत गप्प. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं पडलं, "ताई, लोकांचं उलटं होतं. इंजिन बंद केलं की बंद पडतं." उलटं होतं म्हणूनच खरं तर पहिला दोष लवकर सापडला.

मी पेशाने हिशेब तपासनीस. सोल्डरिंगचा नाद शाळेपासूनचा. गाडीत बसवलेला कॉम्प्युटर म्हणजे १७ सेंटिमीटर लांब-रुंद मिनी-आयटीएक्स बोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, छोट्या मापाचा), एक एसएसडी आणि डॅशबोर्डवर सात इंची टच स्क्रीन. गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा आणि इंजिनच्या आकड्यांची नोंद एवढंच त्याचं काम. सगळं जोरात चाललं तरी ४५ वॅटच्या वर जात नाही. इन्व्हर्टर लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. बॅटरीचे १२ व्होल्ट घरच्या सॉकेटइतके चढवायचे आणि कॉम्प्युटरच्या सप्लायने ते परत १२ वर उतरवायचे, यात दोन्ही वेळा दलाली जाते. शिवाय किल्ली बंद झाल्याचं त्या इन्व्हर्टरला कोण सांगणार?

म्हणून बोर्डावरच्या चोवीस पिनांच्या सॉकेटातच बसणारा काडेपेटीएवढा डीसी सप्लाय आणला. तो ५ आणि ३.३ व्होल्ट स्वतः तयार करतो, पण १२ व्होल्ट? आत आले तसेच बाहेर. टेबलावर अडॅप्टर लावून वापरायला उत्तम. गाडीत मात्र "१२ व्होल्ट" हे नुसतं नाव आहे. बॅटरी पूर्ण भरून शांत असेल तर १२.६, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) १३.८ ते १४.४ देतो आणि सेल्फ मारताना तोच आकडा ८ वर येतो, थंडीत त्याहूनही खाली. कॉम्प्युटरच्या १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. माझ्या सप्लायला इंजिन चालू झाल्यावर १४.२ दिसत होते आणि तो जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेत होता. त्याने तसं केलं नसतं तर बोर्ड गेला असता. तेव्हा दोष त्याचा नव्हे, आणणारीचा.

दुसरा सप्लाय गाडीसाठीच बनवलेला, ६ ते ३० व्होल्ट काहीही आलं तरी चालवून घेणारा. त्याला तीन वायरी: बॅटरीचा पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि किल्लीची खबर देणारी बारीक तिसरी. ही तिसरी कुठून घ्यायची त्यात एक मेख आहे. किल्लीची पहिली पायरी, जिच्यावर रेडिओ चालतो, ती बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना तेवढ्यापुरती तुटते. पुढची, म्हणजे इग्निशनची, तुटत नाही. मी रेडिओवाली घेतली, कारण इंजिन न लावता गाणी ऐकायची असतात, आणि मधली उचकी सप्लायच्या सेटिंगमधल्या विलंबाने गिळून टाकली. दोन दिवस सगळं गोड चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला आणि स्क्रीन काळी. दोन-तीन सेकंदांनी कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू. दुपारी ऑफिसातून निघताना काही नाही. संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

या "फक्त सकाळी"ने मला तीन आठवडे नाचवलं. आधी विलंब वाढवला. मग तिसरी वायर इग्निशनवर नेली. मग रॅम काढून बसवली, जणू रॅमला सकाळ-दुपार कळते. बॅटरी तपासून घेतली, ठणठणीत. सप्लायच्या टोकाला मल्टिमीटर लावला तर १२.५. प्रत्येक वेळी १२.५. हा आकडा बघून मी निश्चिंत व्हायचे, आणि घोळ तिथेच होता. कॉम्प्युटर बंद होता. वायरीतून जवळजवळ काहीच वाहत नव्हतं, आणि जिथे वाहत नाही तिथे गळतही नाही. केसासारख्या एका तारेने लटकलेली जोडणीसुद्धा अशा वेळी १२.५ दाखवेल. एकही व्यवहार न झालेल्या खात्याची शिल्लक बरोबर निघाली म्हणून मी ऑफिसात कधी सही केली नसती. इथे रोज करत होते.

मग भावाने त्याच्या गाडीतून काढलेला हेडलाइटचा जुना एच४ बल्ब आणून दिला. खालच्या प्रकाशाची तार जळालेली, वरची ६० वॅटची शाबूत. सप्लाय सोडवून त्याच्या जागी, त्याच दोन वायरींच्या टोकांना हा बल्ब जोडला. आता वायरीतून ४.६ अँपिअर खरोखर वाहू लागले. (बल्ब हातात धरायचा नाही. मिनिटभरात चटका बसतो. मला बसला.)

बॅटरीच्या खांबांवर १२.४. बल्बच्या टोकांवर ११.१.

एक पूर्णांक तीन दशांश व्होल्ट वाटेत गहाळ! कुठे, ते शोधायचं तर मीटर आडवा नाही, वाटेच्या दोन टोकांना लावायचा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह वायरवर: ०.२. यात फ्यूज, त्याचा होल्डर आणि चार मीटर वायर सगळं आलं, तेव्हा ठीक. आता बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते बल्बची निगेटिव्ह वायर: १.१. ताळा जमला, ०.२ आणि १.१ मिळून १.३. निगेटिव्हची वायर जेमतेम हातभर होती, सीटखालच्या बोल्टला कसलेली. १.१ भागिले ४.६, म्हणजे वाटेतला अडथळा, रोध, जवळजवळ पाव ओहम. चांगल्या जोडणीत याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकाही नसावा.

पण एका व्होल्टने कॉम्प्युटर का पडावा? सप्लाय तर ६ व्होल्टपर्यंत तग धरतो. कागद घेऊन बसले तेव्हा गंमत कळली. बल्बला व्होल्ट कमी मिळाले की तो करंटही कमी घेतो, मंद होतो, समजूतदार गडी. हा सप्लाय तसा नाही. कॉम्प्युटरला ४५ वॅट हवेत म्हणजे हवेत, तेव्हा समोर व्होल्ट कमी झाले की तो करंट जास्त ओढून वॅट पुरे करतो. स्वतःचा खर्च धरून तो ५० वॅट घेतो असं म्हणू. १२.५ वर ४ अँपिअर, ८ वर सव्वासहा. जास्त करंट ओढला की त्या पाव ओहममध्ये आणखी व्होल्ट गळतात, गळाले की तो आणखी करंट ओढतो. कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज काढावं तसं. दोन्ही वायरी मिळून वाटेचा रोध ०.२८ ओहम धरला, तर बॅटरी साडेनऊवर असताना सप्लायला साडेसात-पावणेआठ मिळतात, ठीक. बॅटरी आठवर आली की हाती उरतात फक्त ५.४. सहाच्या खाली गेलं की खेळ खलास.

दुपारी इंजिन गरम, ऑइल पातळ, बॅटरी ताजी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जातच नसणार. सकाळी जाते. रॅमला सकाळ कळत नव्हती, बॅटरीला कळत होती. साधा मीटर हे दाखवत नाही, कारण सगळ्यात खोल खड्डा सेल्फ फिरायला लागतो त्या क्षणी पडतो आणि मीटरचे आकडे सेकंदाला दोन-तीनदाच बदलतात. तोवर प्रकरण मिटलेलं असतं.

बोल्ट सोडवला. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची बोल्टखाली बसणारी कडी, चकचकीत, नवा. त्याखालचा पत्रासुद्धा चकचकीत, आणि तेच चुकलं होतं. तो चकचकाट रंगाचा होता. वर रंग, खाली राखाडी प्रायमर, आणि बोल्टच्या आट्यांवर तो सैल होऊ नये म्हणून कंपनीने लावलेला निळा डिंक. लगाच्या काठाने रंगावर एक ओरखडा काढला होता, चंद्रकोरीसारखा, नखाएवढा. माझा पूर्ण कॉम्प्युटर त्या कोरीवर चालला होता.

सीटच्या बोल्टला हात लावायलाच नको होता, हे आता कबूल करते. सीटचे आणि पट्ट्यांचे बोल्ट माणसं धरून ठेवायला असतात, त्यांच्याखाली लग घुसवायचा नसतो. तो बोल्ट होता तसा, ठरलेल्या ताकदीने बसवून घेतला आणि पायाजवळच्या पॅनेलमागे कंपनीनेच दिलेला अर्थिंगचा बोल्ट शोधला. लगाच्या मापाएवढी जागा सँडपेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, आवळलं आणि गंज येऊ नये म्हणून वरून व्हॅसलीन फासलं. वरून. आधी नाही. थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर जावं असाही विचार होता, पण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत त्या खांबावर करंट मोजणारा सेन्सर बसलेला असतो. त्याला वगळून गेलं की गाडीचा स्वतःचा हिशेब चुकतो.

बल्ब पुन्हा लावला. निगेटिव्हच्या वाटेत ०.०५. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ किल्लीवर, मी शेजारी स्क्रीनकडे डोळे लावून. "ताई, मारू का सेल्फ?" मारला. नकाशा हललासुद्धा नाही.

या कामात फ्यूजही हलवला. तो मी सोयीसाठी सप्लायशेजारी ठेवला होता. पण फ्यूज असतो वायरीसाठी, कॉम्प्युटरसाठी नव्हे. बॉनेटमधून येणारी वायर मधेच पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला तयार असते आणि शेजारचा फ्यूज ते नुसतं बघत राहतो. आता अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर १५ अँपिअरचा फ्यूज आहे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. आणि हो, बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. पाना अजून आहे, त्याला खाच पडलीय.

मग चार दिवस गावाला गेले, रेल्वेने, आणि परतल्यावर गाडी मुकी. हे कोडं सोपं होतं. किल्ली दिल्यावर कॉम्प्युटर झटकन जागा व्हावा म्हणून मी त्याला पूर्ण बंद न करता झोपवत होते, आणि झोपेतली ५ व्होल्टची लाइन कधीच तोडू नये असं सेटिंग ठेवलं होतं. गाडीला कुलूप लावून, अर्धा तास थांबून (गाडीची स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स झोपायला वेळ घेतात), निगेटिव्हमध्ये मीटर घालून मोजलं: ०.४ अँपिअर. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास, चार दिवसांत ३८. माझी बॅटरी ४५ ची. व्होल्ट घसरल्यावर वाट तोडायची सोय सप्लायमध्ये आहे, पण ती ११ च्या आसपास जागी होते आणि ११ म्हणजे पेटी आधीच रिकामी. आता किल्ली काढल्यावर तासाभराने सगळं तुटतं, मीटर ०.०३ दाखवतो. सकाळी वीस सेकंद जास्त थांबते. मीटर मधे असताना किल्ली मात्र फिरवू नका. मीटरमधला १० अँपिअरचा फ्यूज बदलायला मागचे स्क्रू खोलावे लागतात, आणि माझ्या मीटरच्या त्या स्क्रूंचे आटे आता गेले आहेत.

तो एच४ मी भावाला परत केलेला नाही. त्याला दोन वायरी आणि चिमटे लावून हत्यारांच्या पेटीत ठेवलाय.

राहिली एक तक्रार. मागचा कॅमेरा जोडला की स्पीकरमधून बारीक शीळ येते, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी. कॅमेऱ्याची निगेटिव्ह डिकीत आणि कॉम्प्युटरची पुढे, दोन ठिकाणी बॉडीला टेकलेल्या, त्यामुळे दोघांमधली तफावत ऑडिओच्या वायरीतून वाहते आहे असा माझा संशय आहे. रविवारी डिकीचं अस्तर काढून कॅमेऱ्याची वायर पुढच्याच बोल्टवर आणणार आहे.