एम्राकुलची तिसरी ओळ : माझा अनुभव

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात एम्राकुल हे कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या किंवा टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात, पडलेलं असताना त्याला प्रोटेक्शन (संरक्षण) नसतं. काळ्या रंगाचं गोर्योज व्हेंजन्स हे कार्ड त्याला टार्गेट करू शकतं, म्हणजे नेमकं त्याच्यावर खेळता येतं. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. या एका गोष्टीपायी हातात आलेली मॅच माझ्याकडून गेली आणि अजून ती डोक्यातून जात नाही.

मी सिएटलजवळ राहतो. मॅजिक द गॅदरिंग हा खेळ १९९३ साली निघाला तो याच भागातून. तो बनवणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टचं ऑफिस रेंटनला, आमच्या घरापासून गाडीनं पंचवीस मिनिटांवर आहे. ऑफिसातल्या मित्रानं खेळ शिकवला, मी डेक (स्वतःचा पत्त्यांचा गठ्ठा) जमवला आणि दर शुक्रवारी संध्याकाळी एका दुकानातल्या मॉडर्न या प्रकाराच्या स्पर्धेला जायला लागलो. इथवर काहीच अडलं नाही.

एम्राकुल, द इऑन्स टॉर्न हे २०१० सालच्या ‘राइज ऑफ द एल्ड्राझी’ संचातलं कार्ड, चित्र मार्क टेडिनचं. किंमत १५ मॅना (कार्ड खेळायला लागणारी शक्ती, बहुतेक जमिनींच्या कार्डांतून मिळते), अंगावर १५/१५ (हल्ल्याचा जोर आणि सोसण्याची ताकद), आणि रंग कुठलाच नाही. त्यावर चार ओळी आहेत. पहिली: हे काउंटर करता येत नाही, म्हणजे खेळताना कोणी रद्द करू शकत नाही. दुसरी: हे कास्ट केलंत (रीतसर खेळलंत) की या टर्ननंतर तुम्हाला आणखी एक टर्न मिळतो. तिसरीत तीन गोष्टी एकत्र आहेत: फ्लाइंग (उडणारं), रंगीत स्पेल्सपासून (खेळल्या जाणाऱ्या रंगीत कार्डांपासून) प्रोटेक्शन आणि अ‍ॅनायहिलेटर ६ (हल्ला केला की समोरच्यानं मैदानातली आपली सहा कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये टाकायची). चौथी: हे कुठूनही ग्रेव्हयार्डमध्ये गेलं की मालकानं आपलं सगळं ग्रेव्हयार्ड लायब्ररीत (अजून न काढलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात) मिसळून पिसायचं. कमांडर या खेळाच्या दुसऱ्या प्रकारात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या कार्डावर बंदी आली. तिथं प्रत्येकाला सुरुवातीला ४० लाइफ (शून्यावर आलं की हार) असतं, डाव लांबतो, १५ मॅना जमतात, आणि एकदा हे उतरलं की बाकीच्यांना करण्यासारखं काही उरत नाही. बंदी योग्यच होती असं माझं मत आहे.

या चार ओळी एकाच कार्डावर छापल्या असल्या तरी एकाच जागी लागू होत नाहीत. पहिली ओळ स्टॅकवर चालते, म्हणजे कार्ड कास्ट झालंय पण अजून उतरलं नाही तेव्हा. दुसरी कास्ट करण्याच्या क्षणाची आहे. तिसरी फक्त बॅटलफील्डवर, म्हणजे मैदानात. चौथी ग्रेव्हयार्डमध्ये पडल्यावर. मला हे नीट कळलं ते मॅच हातची गेल्यावर.

त्या शुक्रवारची गोष्ट. माझा डेक असा, की पंधरा मॅना जमवायचेच नाहीत. फेथलेस लूटिंग एक मॅनाचं: दोन कार्डं घ्यायची, दोन टाकायची. मॉडर्नमध्ये त्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये बंदी आली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली, म्हणून हा बेत पुन्हा जमायला लागला. लूटिंगनं एम्राकुल टाकायचं. लगेच चौथ्या ओळीचा ट्रिगर (आपोआप होणारा परिणाम) स्टॅकवर चढतो: ग्रेव्हयार्ड पिसा. पण ट्रिगर चढला म्हणजे लगेच अमलात आला असं नाही. माझा टर्न चालू असल्यानं प्रायॉरिटी (काही खेळायची संधी) आधी माझ्याकडे येते. त्या फटीत मी गोर्योज व्हेंजन्स खेळतो. दोन मॅनाचं काळं इन्स्टंट (मधेच उत्तर म्हणूनही खेळता येणारं कार्ड), २००५ सालच्या ‘बिट्रेयर्स ऑफ कामिगावा’मधलं: आपल्या ग्रेव्हयार्डमधलं एक लेजेंडरी क्रीचर (एम्राकुल तसंच आहे) बॅटलफील्डवर आणा, त्याला हेस्ट मिळते (लगेच हल्ला करता येतो), टर्नच्या शेवटी ते एक्झाइल करा (खेळातून बाहेर काढा). स्टॅकवर जे शेवटी येतं ते आधी सुटतं. म्हणजे एम्राकुल आधी मैदानात उतरतं आणि मग पिसण्याचा ट्रिगर सुटतो, तेव्हा ते तिथं नसतंच. बाकीचं ग्रेव्हयार्ड पिसलं जातं, लूटिंग आणि गोर्योजसुद्धा. तिसऱ्या टर्नला १५ चा हल्ला.

(रीअ‍ॅनिमेटनं हे जमत नाही. तेही ग्रेव्हयार्डमधून क्रीचर परत आणतं, पण ते सॉर्सरी आहे आणि स्टॅकवर काही असताना सॉर्सरी खेळता येत नाही. एका मुलानं मला हेच विचारलं होतं, म्हणून इथं सांगून ठेवतो.)

पहिला गेम मी जिंकलो होतो. दुसऱ्यात तिसरा टर्न, समोरच्याचं लाइफ १३. मी लूटिंग खेळलो, एम्राकुल टाकलं, आणि ग्रेव्हयार्डच्या ढिगावर ते चित्र वर करून नीट दिसेल असं ठेवलं. म्हणालो, “ट्रिगर स्टॅकवर. त्याला उत्तर म्हणून गोर्योज, टार्गेट एम्राकुल.”

तो म्हणाला, “नाही होत. रंगीत स्पेलपासून प्रोटेक्शन आहे. गोर्योज काळं आहे.”

मी हात वर करून जजला बोलावलं. छोट्या दुकानांत बहुतेक वेळा वेगळा जज नसतो, दुकानातलाच माणूस स्पर्धा चालवतो आणि निर्णयही तोच देतो. तो काउंटरवर होता आणि समोर बिलांची रांग. भिंतीवरच्या घड्याळात राउंडची ५० मिनिटं उतरत होती, तिथं ३० दिसत होती. आम्ही दोघं हातात पत्ते धरून गप्प बसलो. तो आला तेव्हा २३ झाली होती.

त्यानं कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि बोट ठेवलं ते नेमकं तिसऱ्या ओळीवर. “प्रोटेक्शन तर लिहिलंय.” मी म्हणालो, ते बॅटलफील्डवर असतानाचं आहे. तो म्हणाला, “तसं कुठे लिहिलंय?” कार्डावर खरंच लिहिलेलं नव्हतं. मी सांगितलं, मग समोरच्याच्या साइडबोर्डमध्ये (राखीव पत्त्यांत) सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन हे ग्रेव्हयार्डमधल्या कार्डाला टार्गेट करणारं कार्ड आहे, ते काळं आहे, तेही ग्रेव्हयार्डमधल्या एम्राकुलला लागू नये. पण ते लागतं हे सगळ्यांना माहीत आहे. समोरचा क्षणभर थांबला. दुकानातला माणूस थांबला नाही. त्यानं फोन काढला, कार्डाचा अधिकृत मजकूर शोधला. छापील कार्डावर “रंगीत स्पेल्सपासून” आहे, हल्लीच्या मजकुरात “एक किंवा अधिक रंग असलेल्या स्पेल्सपासून”, अर्थ तोच. त्याच्या मते ते पुरेसं होतं. मी नियमावलीचं कलम शोधत होतो, तर माझ्या फोनला त्या तळघरात रेंज नव्हती. घड्याळात १० मिनिटं उरली तेव्हा निकाल आला: टार्गेट चुकीचं, गोर्योज हातात परत घे, मॅना परत घे, ग्रेव्हयार्ड पीस.

मी पिसलं. एम्राकुल लायब्ररीच्या गठ्ठ्यात गेलं. पिसताना माझे हात गरम झाले होते हे मला आठवतं.

जजच्या निर्णयाला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला तर तेवढा वेळ मॅचला वाढवून द्यायचा असतो. आमची २० मिनिटं गेली, वाढवून एकही मिळालं नाही. मागायचं मला त्या रागात सुचलंच नाही. तुम्ही मात्र आधी ते मागा, मग वाद घाला. दुसरा गेम मी हरलो. तिसरा जेमतेम सुरू झाला आणि वेळ संपली, वरचे पाच टर्न झाले, निकाल नाही. बरोबरी. जिंकल्याचे ३ गुण मिळायचे तिथं १ मिळाला.

मोठ्या स्पर्धेत फ्लोअर जजचा निर्णय पटला नाही तर हेड जजकडे अपील करता येतं. आधी पहिल्याचा निर्णय पूर्ण होऊ द्यायचा आणि मग सभ्यपणे म्हणायचं, मला अपील करायचंय. हेड जज बोलेल ते अंतिम. इथं अपील करायला दुसरं कोणी नव्हतंच.

लहानपणी मे महिन्यात आम्ही मेंढीकोट खेळायचो तेव्हा नियम घरागणिक वेगळे असायचे. वाद झाला की आत्या सांगेल ते खरं. तिथं ते ठीक होतं, कारण लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. या खेळाची नियमावली मात्र कंपनीच्या साइटवर फुकट आहे, कलमांना क्रमांक आहेत, आणि कोणालाही उघडून वाचता येते. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

घरी आल्यावर रात्री ती उघडली. कलम ११३.६: इन्स्टंट आणि सॉर्सरीच्या अ‍ॅबिलिटी सहसा त्या स्टॅकवर असतानाच चालतात, बाकी सगळ्यांच्या सहसा बॅटलफील्डवर असतानाच. त्याखाली अपवादांची यादी आहे. ‘काउंटर करता येत नाही’ हा त्या अपवादांतला. प्रोटेक्शन, कलम ७०२.१६, त्या यादीत बसत नाही. त्या माणसानं मला विचारलेल्या “कुठे लिहिलंय” चं उत्तर हे होतं. ते पान मी छापून डेकच्या डबीत घडी घालून ठेवलं आहे. तुम्हीही ठेवा, फोनच्या भरवशावर राहू नका.

यातून बाकीची कोडीही आपोआप सुटली. शो अँड टेल या कार्डानं एम्राकुल हातातून थेट मैदानात उतरवलं तर जादा टर्न मिळत नाही, कारण कास्ट झालंच नाही. पाथ टू एक्झाइल हे पांढरं स्पेल त्याला टार्गेट करू शकत नाही, पण सॉलिट्यूड हे क्रीचर उतरलं की त्याची अ‍ॅबिलिटी एम्राकुलला एक्झाइल करते. सॉलिट्यूड पांढरं असलं तरी उतरल्यावर ते स्पेल नाही, पर्मनंट (मैदानात राहणारं कार्ड) आहे, आणि ही अ‍ॅबिलिटी त्या पर्मनंटची. रॅथ ऑफ गॉड सगळीच क्रीचर मारतं, टार्गेटच करत नाही, त्यामुळे एम्राकुल मरतं. लेगसी या प्रकारात खेळणाऱ्यांनी काराकासला भ्यावं: ती जमीन आहे, टॅप करून लेजेंडरी क्रीचर हातात परत पाठवते. आणि कोणी खरंच १५ मॅना देऊन ते कास्ट केलं, तरी स्टॅकवर असताना माइंडब्रेक ट्रॅप हे कार्ड त्याला एक्झाइल करू शकतो, कारण एक्झाइल करणं म्हणजे काउंटर करणं नव्हे. जादा टर्न मात्र मालकाला मिळतोच, तो ट्रिगर वेगळा.

काही आठवड्यांनी एका मोठ्या स्पर्धेत खऱ्या जजला मी हाच प्रश्न विचारला. त्यानं वर न बघता सांगितलं, “लागतं. ग्रेव्हयार्डमध्ये प्रोटेक्शन नाही.” पाच सेकंद लागली असतील. मला रडू यायचंच बाकी होतं, इतकं हलकं वाटलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी त्याच दुकानात गेलो. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, गर्दी नसताना, तो घडीचा कागद काउंटरवर ठेवला. त्यानं दोनदा वाचलं. “बरोबर आहे तुझं. चुकलो मी.” मी म्हणालो, ठीक आहे, पण पुढच्या वेळी वेळ वाढवून दे. तो हो म्हणाला.

अजून एक, ट्रिगर चढल्यावर घाईनं ग्रेव्हयार्ड उचलू नका. एकदा पत्ते हातात घेऊन पिसायला लागलात की समोरचा म्हणणार, तू ट्रिगर सोडलास. एम्राकुल सगळ्यात वर, चित्र दिसेल असं ठेवा, ट्रिगर स्टॅकवर आहे हे तोंडानं म्हणा, आणि मगच गोर्योज टाका.

त्या संध्याकाळी दुसऱ्याच राउंडला तो डाव पुन्हा आला. माणूस वेगळा, टर्न तिसरा, त्याचं लाइफ १४: दोनदा फेचलँड फोडली, दोनदा शॉकलँड उभी आणली (दोन्ही लाइफ खर्चून वापरायच्या जमिनी), स्वतःचंच सहा गेलेलं. मी लूटिंग, एम्राकुल, गोर्योज म्हटलं. तो म्हणाला, “प्रोटेक्शन?” मी डबी उघडून कागद पुढे सरकवला. त्यानं ११३.६ वर अंगठा ठेवून ओळ वाचली, मान हलवली आणि कागद घडी करून परत दिला. मी हल्ल्यासाठी एम्राकुल आडवं केलं. अ‍ॅनायहिलेटर ब्लॉकर ठरवायच्या आधीच सुटतो, त्यामुळे सहा पर्मनंट आधी जायची होती. त्याच्यापुढे पाचच होती: तीन जमिनी, एक क्रीचर, एक आर्टिफॅक्ट. त्यानं एकेक मोजून ग्रेव्हयार्डवर ठेवलं, टेबल रिकामं झालं, आणि त्यानं लाइफच्या कागदावर १४ खोडलं.