तीन लांब्यांचा त्रिकोण होईल का? मोठ्या बाजूकडे बघा

मी गणित शिकवतो हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. कधी शाळेतली मुलं विचारतात, कधी त्यांचे पालक, कधी नुकतेच प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेले. तीन लांब्या दिल्या आहेत, त्यांचा त्रिकोण होईल की नाही, हे कसं ठरवायचं? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न: पुस्तकात तीन अटी असतात आणि तुम्ही एकच तपासता, ते कसं चालतं?

तुम्ही विचारलंत म्हणून आधी उत्तर देतो. तिन्हींतली सर्वांत मोठी लांबी शोधा. उरलेल्या दोघींची बेरीज करा. ही बेरीज मोठीपेक्षा जास्त आली तर त्रिकोण होतो. कमी आली किंवा अगदी तेवढीच आली तर होत नाही. ७, १० आणि ५ घ्या: मोठी १०, उरलेल्यांची बेरीज १२, होतो. १० च्या जागी १३ आले तर बेरीज तीच १२, आणि ती १३ ला पुरत नाही.

पुस्तकात लिहिलेलं असतं, कोणत्याही दोन बाजूंच्या लांबीची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त असते. त्या ‘कोणत्याही’मुळे मुलं इमानदारीने तीन बेरजा मांडतात. त्यात चूक काही नाही. पण ज्या बेरजेत मोठी बाजू आहे, ती बेरीज उरलेल्या बाजूपेक्षा जास्त असणारच. मोठी बाजू एकटीच तिला पुरून उरते किंवा निदान तिच्याएवढी असते, आणि वर आणखी एक लांबी मिळवलेली आहे. म्हणजे तीनपैकी दोन अटी फुकट मिळतात. खरी परीक्षा एकाच बेरजेची, जिच्यात मोठी बाजू नाही तिची.

हा नियम मी कुणाला पाठ करायला सांगत नाही. कंपास घ्यायला सांगतो. ४, ५ आणि १० घ्या. १० सेमीचा पाया काढा, एका टोकावरून ४ सेमी त्रिज्येचा कंस काढा, दुसऱ्या टोकावरून ५ सेमीचा. दोन्ही कंस पायावर येऊन टेकतात आणि मध्ये १ सेमी जागा उरते. आता याच तीन लांब्या, पण पाया ४ सेमीचा घ्या. एका टोकावरून ५ सेमीचं वर्तुळ काढा, दुसऱ्यावरून १० सेमीचं. या वेळी लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात जातं, त्याला शिवतही नाही. दोन्ही वर्तुळं जिथे सर्वांत जवळ येतात तिथलं अंतर मोजा: तोच १ सेमी. पाया कुठलाही घेतला तरी तूट तेवढीच निघते, कारण ती १० वजा ९ आहे. एकदा वर्तुळं दूर राहून चुकतात, एकदा एकमेकांच्या आत जाऊन चुकतात, पण नापास होण्याचं कारण एकच.

दोन बाजू ठरलेल्या असतील आणि तिसरी विचारली असेल, तर हेच चित्र उपयोगी पडतं. ७ आणि १२ असतील तर तिसरी बाजू ५ पेक्षा जास्त आणि १९ पेक्षा कमी हवी. पूर्ण संख्याच हव्या असतील तर ६ ते १८, म्हणजे १३ उत्तरं.

आता ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त वाद होतात तिथे थांबू. ४, ५ आणि ९. लहान दोघींची बेरीज अगदी ९ एवढीच. ‘पण सर, माझा त्रिकोण आला की!’ असं म्हणून मुलं वही पुढे करतात, आणि वहीत खरंच एक चपटा त्रिकोण असतो. त्या मुलाने लबाडी केलेली नसते. ९ सेमीचा पाया काढताना तो १ मिमीने कमी पडला, ८.९ झाला, एवढंच. या १ मिमीने शिरोबिंदू पायापासून किती वर जातो? साडेसहा मिमीहून जास्त. पाया ८.९९ सेमी झाला, म्हणजे चूक फक्त एक दशांश मिमीची असली, पेन्सिलच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी, तरी उंची २ मिमी येते. कारण उंची पायातल्या तुटीच्या वर्गमुळाच्या चालीने चालते: तूट शंभरपट कमी केली तरी उंची साधारण दहापटच कमी होते. म्हणून या सीमेवर चित्राचा पुरावा कधीच मानायचा नाही. तिथे आकडेमोडच निवाडा करते, आणि ती सांगते की ४ आणि ५ चे कंस पायावरच एकमेकांना टेकतात. तिन्ही बिंदू एका रेषेत, क्षेत्रफळ शून्य.

तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढणाऱ्या हेरॉनच्या सूत्रालाही हे सगळं ठाऊक असतं. अर्धपरिमिती काढायची, तिच्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही संख्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचं. ४, ५, ९ ची अर्धपरिमिती ९, त्यातून ९ गेले की शून्य उरतं आणि क्षेत्रफळही शून्य येतं. ४, ५, १० ची अर्धपरिमिती ९.५, त्यातून १० वजा केले की उणे ०.५. गुणाकार ऋण होतो, वर्गमूळ निघत नाही. म्हणजे आपली अट आणखी एका रूपात सांगता येते: सर्वांत मोठी बाजू परिमितीच्या निम्म्याहून कमी हवी. तोंडी उत्तर द्यायचं असेल तर मला हेच रूप सोपं वाटतं.

मोठी मुलं कधीकधी म्हणतात, यात सिद्ध करण्यासारखं काय आहे, सरळ वाट जवळची हे कुणालाही कळतं. हा आक्षेप फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या पहिल्या भागात हे २०वं प्रमेय म्हणून सिद्ध केलं. इसवी सनाच्या पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस सांगतो की एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचे अनुयायी त्यावर हसत असत. भुकेल्या गाढवालासुद्धा हे कळतं, चारा दुसऱ्या टोकाला ठेवला तर ते दोन बाजूंनी वळसा घालून जात नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रोक्लसने उत्तर दिलं की दिसणं वेगळं आणि कारण समजणं वेगळं. मी पूर्णपणे त्याच्या बाजूने आहे, कारण ती सिद्धता सुंदर आहे. त्रिकोण अबक घ्या. बअ ही बाजू अ च्या पुढे ड पर्यंत वाढवा, अशी की अड आणि अक समान होतील. क आणि ड जोडा. अकड हा समद्विभुज, म्हणून त्याचे क आणि ड जवळचे कोन समान. पण बकड हा कोन अकड पेक्षा मोठा, म्हणून ड जवळच्या कोनापेक्षाही मोठा. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू, म्हणून बड ही बक पेक्षा मोठी. आणि बड म्हणजे आपल्या दोन बाजूंची बेरीज. रेघ फक्त वळवून सरळ केली, बाकी काही नाही.

हे झालं ‘त्रिकोण असेल तर अट पाळली जाते’ याबद्दल. तुमचा प्रश्न उलट दिशेचा आहे: अट पाळली असेल तर त्रिकोण निघतो का? युक्लिडने त्यासाठी वेगळं, २२वं प्रमेय दिलं, आणि त्यात तो आपल्यासारखीच दोन वर्तुळं काढतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागतं. ०.१, ०.२ आणि ०.३ या बाजू द्या. बेरीज बरोबर तेवढीच, म्हणून उत्तर ‘नाही’ यायला हवं. पण बहुतेक भाषांतल्या नेहमीच्या दशांश प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त निघते, सतराव्या दशांश स्थळावर ४ उमटतो, आणि प्रोग्रॅम ‘होतो’ म्हणून मोकळा होतो. शक्य असेल तर लांब्या मिमीसारख्या लहान एककात पूर्ण संख्या करून घ्या. तिथेही एक खड्डा आहे: ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढे जागा नसते, त्यामुळे २०० कोटींच्या तीन समान बाजू दिल्या तर बेरीज ऋण निघू शकते आणि समभुज त्रिकोण नाकारला जातो. म्हणून आधी लांब्या चढत्या क्रमाने लावा आणि बेरजेऐवजी वजाबाकी करा: लहान बाजू ही मोठी वजा मधली यापेक्षा जास्त आहे का? ऋण लांब्या आधीच वगळल्या असतील तर यात शून्य लांबीही आपसूक बाद होते, कारण ती वजाबाकी कधीच शून्याखाली जात नाही.

मग चौकोनाचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. अट तीच: सर्वांत मोठी बाजू उरलेल्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा कमी हवी. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत ही अट त्रिकोण आणि चौकोन दोन्हींसाठी एकत्रच दिली आहे. एक बाजू बाकीच्यांच्या बेरजेएवढी किंवा जास्त असेल तर ते अक्षेत्र, म्हणजे आकृती होतच नाही. त्यांची उदाहरणं ३, ६, ९ चा त्रिकोण आणि २, ३, ६, १२ चा चौकोन. शंका असेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवाव्यात, असंही तिथे सांगितलं आहे. त्रिकोणासाठी त्यांनी सीमेवरचंच उदाहरण निवडलं हे मला विशेष वाटतं.

फरक पुढे आहे. तीन लांब्या अट पाळत असतील तर त्रिकोण एकच निघतो, फार तर उलटा ठेवलेला. चार काड्या टोकांशी जोडल्या तर चौकोन हलत राहतो. चार समान बाजूंचा चौरसही होतो आणि चपटा समभुज चौकोनही. म्हणून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारताना एखादा कर्ण किंवा लंबही द्यावा लागतो. तो न देता नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्य पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच.